ईरण्णाकाका दगड का घासायचे

ईरण्णाकाकांबद्दल मी लिहावं, हे माझं मलाच पटत नाही. मला ते आवडायचे नाहीत. त्यांचं नाव निघालं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. तरीही आमच्या माकणी गावातल्या ज्या माणसाचा मी आयुष्यभर सगळ्यात जास्त विचार केला, तो माणूस हाच. याचा काय अर्थ लावायचा, ते मला कळत नाही.

माझे वडील महांतप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ईरण्णाकाका हे अप्पांचे थोरले चुलतभाऊ. सहा फुटी माणूस, कपाळभर विभूती आणि बोलणं असं की समोरच्यानं नुसती मान हलवावी. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, कचेरीत उर्दू चालायची, पण आमच्या लिंगायत समाजाच्या पंचात काकांचा शब्द चालायचा. त्यावर अपील नव्हतं.

आमच्यात मूल जन्मलं की काही दिवसांनी जंगम स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही. ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरच राहायचं. सुपारीएवढं असतं, वरून काळाभोर लेप. आत दगड असतो, पण तो दगड दिसतो कसा हे कुणाला माहीत नसतं, कारण लेप काढायचाच नसतो. रोज आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ही एवढी गोष्ट ध्यानात असली की पुढचं सगळं समजतं. म्हणजे मला समजलं असं नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी तेरणा भरून वाहत होती. बैल घेऊन नदीच्या उतारातून येताना अप्पांचा पाय घसरला, ते गटांगळ्या खाऊन कसेबसे काठाला लागले, पण गळ्यातला दोरा तुटला होता. लिंग गेलं. (तो उतार आता धरणाच्या पाण्याखाली आहे.) अप्पांनी घरी येऊन सरळ सांगून टाकलं. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पंच बसले. मठाचे स्वामी तेव्हा कर्नाटकात फिरत होते, वर्षभर तरी यायचे नव्हते. दोघातिघांचं म्हणणं पडलं की पुरात गेलं, माणसाचा काय दोष, चालवून घ्यावं. काका म्हणाले, "नेम म्हंजे नेम. स्वामी येऊन नवं लिंग देईपतूर महांतप्पानं पंगतीत बसायचं न्हाय. भाऊ असला म्हून काय झालं?"

माझ्या लग्नात माझा बाप ओसरीवर एकटा जेवला. आत चार पंगती उठल्या आणि प्रत्येक पंगतीच्या तोंडाशी ईरण्णाकाका उभे होते, कुणाला काय हवं-नको बघत. मी अंगावर हळद घेऊन दारातून हे बघत होते. त्या दिवशी मी त्यांना जे शिव्याशाप दिले ते इथं लिहिता येणार नाहीत.

पुढं वर्षानं स्वामी आले, अप्पांना नवं लिंग मिळालं, सगळं सुरळीत झालं. अप्पा विसरले. मी विसरले नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी जळकोटहून, म्हणजे सासरहून, माहेरी आले तर गावभर एकच विषय. ईरण्णाकाकांना दगडांचं वेड लागलंय. रोज सकाळी टोपली घेऊन तेरणेच्या पात्रात जायचे, गुडघाभर पाण्यात वाकून खडे वेचायचे आणि टोपली भरली की परत. वेचायचे तेही कसले, फक्त गोल आणि फक्त सुपारीएवढे. मग अंगणात बसून ते घासायचे. आधी खरबरीत दगडावर, मग धार लावणाऱ्या शिकलगाराकडून आणलेल्या कुरुंदाच्या तुकड्यावर, पाणी शिंपडत, तासन्‌तास. शेवटी जुन्या चामड्याच्या तुकड्यावर राख टाकून पुसायचे. ज्या माणसानं कधी स्वतःचा तांब्या उचलून ठेवला नव्हता, त्याची बोटं सोलवटून निघाली होती.

गावात ज्याला जसं सुचेल तसं. कुणी म्हणे गुप्तधनाची खूण मिळालीय. कुणी म्हणे नवस आहे, लाख दगड घासायचे. त्यांची बायको, आमच्या मल्लम्माकाकू, अप्पांपाशी येऊन रडायच्या. "भावजी, तुमीच काई सांगा. पीठ मळायची परात दगडानं भरून ठेवलीया. इच्यारलं तर वसकन अंगावर येत्यात." अप्पा काय सांगणार? मला मात्र आतून बरं वाटायचं. म्हटलं, बरी जिरली.

पण एक गोष्ट मला खटकायची. बाहेरून ते खडे कळकट, खाचा पडलेले, पायानंही लोटावेसे वाटू नयेत असे. घासून झाले की आतून काय काय निघायचं! एकात दुधाळ आणि मधाच्या रंगाच्या रेघा, एकीच्या आत एक. एकात निखाऱ्यासारखा लाल पट्टा. एकाच्या मधोमध बारीक पोकळी आणि तिच्यात खडीसाखरेसारखी चमक. मी बाई माणूस, माझा जीव त्यावर जायचा. आणि काका काय करायचे? दगड चकाकला की डाव्या तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे, थोडं थांबायचे आणि मग त्यांचा चेहरा पडायचा. दगड टोपलीत फेकायचे आणि दुसरा घ्यायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, "काका, एवढा चांगला निघाला की. मग तोंड का पाडलाव?"

"ह्यो बी न्हाय," ते म्हणाले.

"ह्यो बी न्हाय म्हंजे? कुठला पायजे तुमाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांच्या घरात चोरी करताना सापडले होते. "तुला काय करायचंय? जा घरी," एवढंच बोलून ते पुन्हा घासायला लागले. मी चिडले, पण घरी येऊनही तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा जाईना.

असं पाच वर्षं चाललं. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीचं साल. दुसऱ्या बाळंतपणाला मी माहेरी होते, लेक दोन महिन्यांची झाली होती, आणि तिच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामी पुढच्या सोमवारी यायचे होते. त्याच आठवड्यात तुळजापूरहून विष्णुपंत मास्तर बैलगाडीनं दोन मुक्काम करत माकणीला आले. बारकासा माणूस, काळी टोपी, काखेत वह्या. हैदराबादेत शिकून आलेले. शाळेत दगडांचं एक कपाट करायचं त्यांच्या डोक्यात होतं आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की माकणीत एकाकडं टोपल्या भरून अकीक आहे.

अकीक! आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. आमच्या दृष्टीनं त्या गारगोट्या होत्या. मास्तर म्हणाले, हैदराबादेत मोठमोठे लोक हा दगड अंगठीत बसवून घालतात. काकांच्या अंगणात ते चवड्यावर बसले, दगड उन्हात धरून 'सुभानल्ला', 'सुभानल्ला' करायला लागले. ब्राह्मणाच्या तोंडून ते ऐकून बायका हसल्या. अप्पा होते, मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. काका खांबाला टेकून उभे होते. त्यांना कशातच रस दिसत नव्हता.

मास्तर मात्र रंगात आले. "हा सगळा मुलूख एके काळी खदखदत होता," ते म्हणाले. "जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. आंबील शिजताना बुडबुडे येतात ना? तसे त्यात बुडबुडे होते. रस थिजला, हा तुमचा काळा दगड झाला, आणि बुडबुड्यांच्या जागी आत पोकळ्या राहिल्या."

"बुडबुडा फुटतोय की," अप्पा म्हणाले.

"काही फुटले. काही आतच अडकले. मग लाखो वर्षं पाणी त्या दगडातून मुरत राहिलं. पाण्यात गारगोटीचा अंश विरघळलेला. पोकळीत पाणी यायचं, भिंतीला एक पापुद्रा धरायचा. मग दुसरा. मग तिसरा. कधी पाण्यात लोखंडाचा अंश आला की पापुद्रा लाल. ह्या रेघा म्हणजे ते पापुद्रे. असं करत करत पोकळी बाहेरून आत भरत आली. कधी पुरती भरली, कधी मधे जागा उरली."

अप्पा चक्रावले. मीही. गारगोटी पाण्यात विरघळते? मग आमच्या रांजणात का नाही विरघळत? आणि भोक चहूबाजूंनी बंद, तर पाणी आत शिरलं कुठून? मास्तरांनी सांगितलं, पण जितकं सांगितलं तितका गुंता वाढला. शेवटी अप्पा म्हणाले, "म्हंजे मास्तर, आदी भोक झालं आन्‌ दगड मागनं आला?"

"अगदी बरोबर!" मास्तर म्हणाले, आणि अप्पांना आपण काय बरोबर बोललो तेच कळेना.

"मग वरचा काळा दगड ऊन-पावसानं झिजतो, त्याची तुमची काळी माती होते. अकीक कठीण, तो झिजत नाही. तो सुटतो, ओढ्यात येतो, तेरणेत येतो. तेरणेतला खडा म्हणजे एक तर काळा दगड, नाही तर त्याच्या पोटात झालेलं असलं काहीतरी."

इथं पहिल्यांदाच काका बोलले. खांब सोडून पुढं आले. "म्हंजे तिसरा दगड हितं घावतच न्हाय?"

"नदीच्या अंगचा? नाही. दुसरा सापडला तर तो कुणीतरी लांबून आणलेला."

काका घरात गेले आणि एकामागून एक तीन टोपल्या आणून मास्तरांपुढं पालथ्या केल्या. "चांगले तुमाला पायजे तेवढे न्या. सगळे न्या. पर ह्यातला हितला नसंल त्यो मला काढून द्या."

मास्तर गोंधळले. चांगला दगड मागणारे त्यांनी पाहिले असतील, हा माणूस नको असलेला मागत होता. पण बसले निवडत. दुपार कलली. चौदा अकीक त्यांनी फडक्यात बांधले आणि शेवटी तळातून एक करडा, निस्तेज तुकडा निघाला, अर्ध्या सुपारीएवढा, एका अंगानं सपाट झिजलेला. मास्तरांनी नखानं ओरखडा काढला. ओरखडा उमटला.

"हा बघा. मऊ आहे. पाटीच्या दगडाची जात. हा इथला नाही. फेकून द्या," म्हणाले आणि त्यांनीच तो उकिरड्याच्या दिशेनं फेकला.

काका त्या दगडामागं धावले. सहा फुटी, पन्नाशी उलटलेला माणूस, उकिरड्यात गुडघ्यांवर बसून हातांनी केरकचरा उपसत होता. दगड सापडला तो धोतरानं पुसून त्यांनी मुठीत धरला. "ह्यो म्या घासला हुता," ते कुणालाच उद्देशून नाही असं बोलले. "चकाकी यीना, नुसता झिजायला लागला, म्हून सोडून दिला. म्याच घासला." मास्तर माझ्याकडं बघत होते, मी अप्पांकडं. कुणाला काही उमगेना.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. लिंग ठेवायची गळ्यातली चांदीची डबी त्यांनी अप्पांपुढं उघडली. आत लिंग नव्हतं. नदीतला साधा काळा खडा होता.

"पाच वर्सं झाली," ते म्हणाले. "आंगुळ करून काठाला पूजा करत बसलो हुतो. उठताना पाय निसटला, हातातनं लिंग गेलं. तुझं गेलं तितंच. पाण्यात लेप निघाला आसंल, आतला दगड कसा दिसतोय म्या काय बघितलाय? म्हून दिसंल त्यो गोल खडा उचलायचा, घासायचा, हातावर धरायचा. वळख पटती का बघायची."

"सांगितलं का न्हाय?" अप्पांनी विचारलं.

"कुणाला सांगू? नेम कुणी लावला हुता?" काका म्हणाले. "ह्यो खडा डबीत घालून हिंडलो. पंगतीत बसलो. तोंडाशी बसलो."

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मी पोटभर हसेन. हसू आलं नाही. राग आला, पण तो कुठं नेऊन ठेवावा ते समजेना. मांडीवर लेक रडत होती आणि मी तिला थोपटायचंही विसरले होते.

काकांनी मूठ उघडून तो करडा दगड अप्पांपुढं धरला. "मास्तर म्हन्तोय, ह्यो कुणीतरी आणलेला. मंग आपल्यातल्या एकाचा. माझा का तुझा, मला कळंना. तुझा असंल तर म्या तुझं लिंग घासून झिजवलं. तू सांग."

अप्पांनी दगड डाव्या तळहातावर घेतला. डोळे मिटले.

"तुमचंच हाय, अण्णा," ते म्हणाले.

"कशावरनं?"

"तळहाताला कळतंय की."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. मग दगड घेऊन, मान खाली घालून निघून गेले. ते अंगणाबाहेर पडतात न पडतात तोच मी अप्पांवर तुटून पडले. "खरंच त्येंचं हुतं?"

"मला काय म्हाईत?" अप्पा म्हणाले. "आठ वर्सं झाली. माजा तळहात आता नव्या लिंगाचा झालाय. त्याला जुनं काय आठवतंय?"

"मंग तसं सांगितलंव कशाला?"

"त्यो इच्यारायला आला हुता, प्रेमा. कायतरी सांगावं लागतंयच की."

त्या रात्री मला काकांपेक्षा अप्पांचाच जास्त राग आला. ओसरीवर एकटं बसून जेवलेला माणूस असा कसा वागतो? मला वाटलं, यांना अपमान झाल्याचं कधी कळलंच नाही की काय. की कळलं होतं आणि म्हणूनच?

सोमवारी स्वामी आले. माझ्या लेकीच्या गळ्यात लिंग बांधलं, ती झोपेतच होती. सगळा समाज जमला होता, पानं मांडली होती. स्वामी उठणार तेवढ्यात ईरण्णाकाका पुढं झाले. डबीतला खडा आणि तो करडा दगड, दोन्ही त्यांनी पाटावर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मल्लम्माकाकूंनी पदर तोंडात कोंबला. पाच वर्षं एका घरात राहून त्यांनाही पत्ता नव्हता.

स्वामींनी दगड उलटापालटा करून पाहिला. "महांतप्पा म्हणतो तुझा. तू म्हणतोस तुला पटत नाही. दगड तर बोलत नाही," ते म्हणाले. "हा तेरणेला देऊ. तुला मी नवं लिंग आत्ताच बांधतो. पण पाच वर्षं तू लपवून पंगतीत बसलास, त्याचं काय करायचं ते पंचांनी ठरवावं."

पंचांनी सवयीनं ईरण्णाकाकांकडंच बघितलं. काही क्षण कुणाच्याच लक्षात आलं नाही की आता त्यांना विचारून उपयोग नाही.

"म्या न्हाय," काका म्हणाले. "महांतप्पानं सांगावं. मी त्याला जे सांगितलं तेच त्यानं मला सांगावं. वर्षभर भायेर बसतो."

सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं धरून उभी होते. मनातल्या मनात म्हणत होते, बोला अप्पा, बोला. एकदा तरी बोला.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग पातेल्याकडं. "हुग्गी गार व्हायलीया," ते म्हणाले. "वाढा."

झालं. तोच निवाडा. कुणीतरी काकांना हाताला धरून बसवलं. ते पंगतीच्या तोंडाशी जाईनात, शेवटी अप्पांशेजारी बसले. वाढायला मी होते. एकेका पानावर हुग्गी घालत, तूप सोडत काकांपाशी आले. पळीभर घातली. ते बास म्हणाले. मी आणखी एक पळी घातली. "बास, प्रेमा," म्हणत त्यांनी पानावर आडवा हात धरला. मी त्या हातावरच तूप ओतलं, धार तोडली नाही, मनगटावरून खाली ओघळेपर्यंत ओतत राहिले. रागानं ओतलं की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. काकांनी हात मागं घेतला नाही, वर बघितलं नाही. तसाच तुपाचा हात पानात घालून ते जेवायला लागले.